बेसबॉलचं वेड आणि शिकागो कब्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, विमानतळावरून पाहुण्यांना घरी आणताना गाडीत, मला ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारले जातात. काही कुतूहलाने, काही कीव येऊन. मी शिकागोत वाढले आणि कळायला लागल्यापासून कब्सची आहे. पन्नाशी उलटली तरी एप्रिल ते सप्टेंबर माझी संध्याकाळ कुणाला सहसा मिळत नाही. उत्तरं एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवली की झालं.

नुसते उभे तर असतात सगळे. त्यात बघायचं काय?

उभे असतात, कबूल. पण कुठे उभे असतात ते बघा. डावखुरा बॅटर आला की आउटफील्डवाले चार पावलं सरकतात, पहिल्या बेसवर (बेस म्हणजे धाव पुरी करायला ओळीने गाठायचे चार टप्पे, शेवटचा होम प्लेट) कुणी पोचलं की तिथला खेळाडू बेसला चिकटून उभा राहतो, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप हातमोज्याआड तोंड लपवून सेकंड बेसमनला काहीतरी सांगतो. हे सगळं चेंडू पडायच्या आधी. ज्याला हे दिसायला लागलं त्याला कंटाळा येत नाही.

पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, पट्टीपासून बॅटर उभा असतो त्या होम प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच. ताशी ९५ मैलांनी, म्हणजे दीडशे किलोमीटरच्याही वर वेगाने टाकलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. तेवढ्यात बॅटरने ओळखायचं की हा सरळ येतोय, खाली बुडणार आहे की शेवटच्या क्षणी बाहेर वळणार आहे, आणि मग बॅट फिरवायची की सोडून द्यायचा ते ठरवायचं. पुढचा चेंडू कोणता, याची खूण कॅचर (बॅटरमागे बसणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) पूर्वी मांड्यांच्या आड बोटांनी करायचा, हल्ली छोट्या यंत्राची बटणं दाबून करतो. पिचरला पटलं नाही तर तो मान हलवतो. मला ती मान हलवणं फार आवडतं. नवराबायकोत बाजारहाटावरून होतं तितपत मतभेदाचं असतं ते.

आणि मग काउंट. टप्प्याबाहेरचा चेंडू बॅटरने सोडला तर 'बॉल', फटका हुकला किंवा टप्प्यातला चेंडू सोडला तर 'स्ट्राइक'. चार 'बॉल' झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर, तीन 'स्ट्राइक' झाले की घरी. काउंट ०-२ (आधी बॉल, मग स्ट्राइक) असेल तर बॅटर जीव मुठीत धरून उभा असतो आणि पिचर त्याला खुशाल बाहेरचे चेंडू दाखवून भुलवतो. तोच काउंट ३-१ झाला की पिचरला चेंडू मधोमध आणावाच लागतो, आणि हे बॅटरलाही माहीत असतं. ३-२, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले: अशा वेळी पिचरने हात उचलताच तिन्ही धावपटू सुटतात. मैदानावर कुणीच उभं नसतं. पुढच्या वेळी तेवढं बघा आणि मग मला सांगा.

क्रिकेट येतं. बेसबॉल समजायला किती वेळ लागेल?

एक सामना, शेजारी कुणी जाणता बसला असेल तर. नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आळीपाळीने बॅटिंग करतात, तीन आउट झाले की बाजू बदलते. मागे किंवा बाजूला मारलेला चेंडू म्हणजे फाउल, त्याच्या धावा नाहीत. समोरच्या ९० अंशांच्या कोपऱ्यात चेंडू गेला की पळावंच लागतं. "नो" म्हणून बॅट टेकवून उभं राहायची सोय नाही.

क्रिकेटवाल्यांना अडतं ते दुसरीकडेच. आपल्याला विकेट ही मोठी घटना वाटते. इथे आउट होणं हीच रोजची रीत, आणि दहापैकी तीनदा हिट मारणारा, म्हणजे फटका मारून सुखरूप बेस गाठणारा, माणूस स्टार समजला जातो. उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून डगआउटमध्ये परततो आणि कुणी त्याला शिव्या देत नाही. (बरं, फिलाडेल्फियात देतात म्हणे.) एकदा हे अंगवळणी पडलं की क्रिकेटचं ज्ञान आड येत नाही, उलट उपयोगी पडतं.

नातं तसं जुनंच आहे. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर रूढ करणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. १८६९ साली सगळे खेळाडू उघडपणे पगारी असलेला पहिला संघ सिनसिनाटीत उभा राहिला, त्याचा कर्ताधर्ता हॅरी राइट हाही मूळचा क्रिकेटपटू, जन्म शेफील्डचा.

तुम्ही कब्सच्याच कशा काय?

आम्ही शहराच्या उत्तरेकडे राहायचो म्हणून. शिकागोत हे जातीसारखं असतं, निवडायचं नसतं. उत्तरेला कब्स, दक्षिणेला व्हाइट सॉक्स. काका साउथ साइडला राहायचे, त्यामुळे ते सॉक्सचे, आणि दिवाळीच्या फराळाला दोन भावांची घरं दोन बाजूंना बसायची. २००५ साली सॉक्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनअखेरची विजेतेपदाची मालिका, जिंकली, तेव्हा काकांचा फोन आला. बोलले काहीच नाहीत, नुसते हसत राहिले. मीही ऐकून घेतलं.

दुसरं कारण म्हणजे टीव्ही. कब्सच्या मैदानावर, रिग्ली फील्डवर, १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. घरचे सगळे सामने भर दुपारी व्हायचे आणि चॅनल ९ वर फुकट दिसायचे. दीडच्या सुमाराला सुरू झालेला सामना आम्ही मुलं शाळेतून येईपर्यंत शेवटच्या टप्प्यात आलेला असे. बूट काढले की थेट सातवी इनिंग. जॅक ब्रिकहाउस समालोचन करायचा, कब्सच्या कुणी होम रन (आपला षटकारच म्हणा) मारला की त्याचं "हे हे!" गॅलरीपर्यंत ऐकू यायचं. उत्तरेकडची एक अख्खी पिढी अशी शाळा सुटल्यावर कब्सची झाली.

माझ्यापुरता दिवस सांगायचा तर १७ मे १९७९, गुरुवार. वारा मैदानातून बाहेरच्या दिशेने सुटला होता आणि फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना. मी घरी पोचले तर आई पोळपाट घेऊन टीव्हीसमोर, खाली वर्तमानपत्र अंथरून पोळ्या लाटत बसलेली. स्वयंपाकघरातून पडदा दिसत नव्हता ना. म्हणाली, "एकवीस-नऊ झालेत." मला वाटलं तिला आकडे कळले नाहीत. बरोबर होते. त्यात आम्ही नऊवाले. तिथून कब्सने मारायला सुरुवात केली ती २२-२२ बरोबरी होईपर्यंत. डेव्ह किंगमनने तीन होम रन मारले. दहाव्या इनिंगमध्ये माइक श्मिटने एक मारला आणि आम्ही २३-२२ हरलो. चार तास चाललेल्या त्या सामन्यात आईच्या पोळ्या कधीच झाल्या होत्या, आणि जेवायला बसल्यावर तिने बाबांना किंगमनचा तिसरा होम रन हातवारे करून दाखवला. वाढपाचा चमचा हातात तसाच.

हरल्याचं दुःख वगैरे झाल्याचं मला आठवत नाही. बावीस धावा केल्या होत्या ना!

१०८ वर्षं न जिंकणाऱ्या संघाबरोबर माणूस राहतो कसा?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज थोडा खाली येतो. आधी हिशेब.

कब्सने १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोनदा वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यानंतर कितीदा तरी अंतिम फेरीपर्यंत पोचून हरले, शेवटचं १९४५ साली, डेट्रॉइटकडून, सातव्या सामन्यात. मग ती फेरीही दिसेनाशी झाली.

एर्नी बँक्सचं उदाहरण घ्या. १९५३ ते १९७१, एकाच संघात, ५१२ होम रन, १९५८ आणि १९५९ असा लागोपाठ दोन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू. कब्सकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. अडीच हजारांवर सामने खेळला, त्यांतला एकही सीझननंतरच्या बाद फेरीतला नव्हता. आणि हाच माणूस मैदानात आला की म्हणायचा, आज हवा छान आहे, दोन सामने खेळू या! लोकांना हा भाबडेपणा वाटतो. मला वाटतं, बेसबॉल कळलेला माणूस तोच. त्याला ती दुपार हवी होती, आणि ती त्याला मिळत होती.

१९६९ साली तो त्या बाद फेरीच्या जवळ आला होता. ऑगस्टच्या मध्याला कब्स नऊ सामन्यांनी पुढे होते. मग सप्टेंबर आला, संघ कोसळला आणि न्यूयॉर्क मेट्स आठ सामन्यांनी पुढे निघून गेले. त्या वयाची माणसं अजूनही मेट्सचं नाव काढलं की विषय बदलतात.

१९८४ माझं. वर्ल्ड सिरीज गाठायला सॅन दिएगोविरुद्ध पाचपैकी तीन जिंकायचे होते, पहिले दोन घरच्या मैदानावर जिंकले. पहिला तर १३-०. उरलेल्या तीनपैकी एक पुरे होता. तिन्ही हरले. निर्णायक सामन्यात एक साधा सरपटता चेंडू लिऑन डरहॅमच्या दोन पायांमधून निघून गेला. मी किशोरवयात होते, आठवडाभर धड जेवले नाही आणि आईने, आश्चर्य म्हणजे, जेवायचा आग्रह केला नाही. तीही नीट जेवत नव्हती.

२००३ मध्ये तर वर्ल्ड सिरीज गाठायला पाच आउट बाकी होते. १४ ऑक्टोबर, फ्लॉरिडा मार्लिन्स, घरचं मैदान, आठवी इनिंग, ३-० पुढे. डाव्या बाजूच्या फाउल रेषेजवळ एक चेंडू उंच उडाला, मॉइसेस आलू तो झेलायला कठड्यापाशी उडी मारून पोचला, आणि त्याच वेळी प्रेक्षकांतल्या काही जणांनी हात वर केले. एकाचा हात लागला. झेल हुकला. पुढे त्या एका इनिंगमध्ये मार्लिन्सने आठ धावा केल्या. शहराने त्या बिचाऱ्या प्रेक्षकाला वर्षानुवर्षं छळलं, आणि याची मला आजही लाज वाटते. चेंडू आपल्या अंगावर येत असेल तर हात कोण वर करणार नाही? त्याच इनिंगमध्ये शॉर्टस्टॉप अॅलेक्स गोन्झालेसच्या हातून डबल प्लेचा (एका चेंडूत दोन आउटचा) सोपा चेंडू निसटला, तो मात्र लोक विसरले. पुढे जिंकल्यावर क्लबने त्या गृहस्थांना विजेतेपदाची अंगठी दिली. बरं केलं.

तर, राहतो कसा? रोज सामना असतो म्हणून. काल हरलो, आज सव्वा वाजता पुन्हा आहे. दुःखाचं लोणचं घालायला वेळच मिळत नाही. दुःख फक्त ऑक्टोबरात साचतं, आणि कब्स बहुतेक वर्षी ऑक्टोबरपर्यंत पोचायचेच नाहीत, ही एक मोठी सोय होती.

बोकडाच्या शापावर तुमचा विश्वास आहे का?

नाही. गोष्ट मात्र आवडते. १९४५ च्या वर्ल्ड सिरीजला बिली सियानिस नावाचा गुत्तेवाला आपला बोकड घेऊन आला होता. वासामुळे बोकडाला बाहेर काढलं आणि सियानिसने कब्सला शाप दिला, असं सांगतात. त्यानंतरच्या दशकांत संघाकडे पुरेसे पिचर नव्हते, हे कारण मला पटतं. शहराला बोकड जास्त पटतो.

२ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री काय झालं?

माहीत असूनही लोक मला हे पुन्हा सांगायला लावतात. मीही आढेवेढे घेत नाही.

वर्ल्ड सिरीज, क्लीव्हलँडविरुद्ध. सातपैकी चार जिंकायचे. कब्स ३-१ ने मागे पडून ३-३ वर आलेले. सातवा सामना क्लीव्हलँडमध्ये. डेक्स्टर फाउलरने डावाच्या सुरुवातीलाच होम रन मारला. डेव्हिड रॉस, ३९ वर्षांचा कॅचर, कारकिर्दीतला शेवटचा सामना, त्यानेही एक मारला. आठव्या इनिंगमध्ये ६-३ पुढे, चार आउट बाकी. कब्सचा पिचर अरोल्डिस चॅपमन आला. ताशी १०० मैलांनी टाकणारा माणूस, पण आधीच्या सामन्यांत पिळून घेतलेला. आधी एक धाव गेली, मग क्लीव्हलँडच्या रजाई डेव्हिसने डाव्या कोपऱ्यात होम रन मारला. ६-६.

माझ्या घरात त्या वेळी भरपूर माणसं होती आणि कुणाचाही आवाज निघाला नाही. वयाने मोठ्या माणसांचे चेहरे सांगत होते: आलं, पुन्हा तेच आलं. माझी मुलगी, जिला १९८४ ही माहीत नाही आणि २००३ ही नाही, ती एकटीच म्हणाली, "अगं आई, बरोबरी झाली आहे फक्त." मला तिचा राग आला होता.

नववी संपली, ६-६, आणि पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ थांबला. त्या सतरा मिनिटांत जेसन हेवर्डने, ज्याला त्या वर्षी बॅटने काही म्हणता काही जमलं नव्हतं, सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत गोळा करून आपण कोण आहोत याची आठवण करून दिली. माझ्या घरात त्या सतरा मिनिटांत साबुदाण्याची खिचडी झाली, कारण हात रिकामे ठेवणं अशक्य होतं. अर्धी करपली, तरी संपली.

दहावी इनिंग. कब्सच्या श्वार्बरचा सिंगल, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतचा हिट. त्याच्या जागी पळायला आलेला अल्मोरा, ब्रायंटचा चेंडू खोल आउटफील्डमध्ये झेलला गेल्यावर पहिल्यावरून दुसऱ्या बेसवर पोचला. ज्यांना वाटतं बेसबॉल म्हणजे फक्त धोपटणं, त्यांनी हे पळणं बघावं. सामना तिथे फिरला. रिझोला मुद्दाम चार बॉल देऊन पहिल्या बेसवर जाऊ दिलं. मग झोब्रिस्टने डाव्या रेषेलगत डबल (दुसऱ्या बेसपर्यंतचा हिट) मारला, मोंतेरोने सिंगल, ८-६. खालच्या अर्ध्यात क्लीव्हलँडने एक धाव काढली. दोन आउट. तिसऱ्या बेसकडे हळू सरपटता चेंडू आला, क्रिस ब्रायंट पुढे धावला, ओल्या गवतावर पाय घसरला आणि तरीही पहिल्या बेसवर रिझोकडे चेंडू नीट पोचला. फेकतानाच तो हसत होता, फोटोत बघा. रिझोने चेंडू मागच्या खिशात टाकला. शिकागोत पावणेबारा वाजले होते.

पुढचे काही दिवस लोक रिग्ली फील्डच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावं लिहीत होते. जिवंत माणसांची थोडी, गेलेल्यांचीच जास्त: आजोबा, वडील, शेजारी, १९६९ चा मित्र. खांद्याच्या उंचीपर्यंत जागाच उरली नव्हती, मग माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून वर लिहायला लागली. मी वेव्हलँड अव्हेन्यूच्या बाजूला खाली वाकून एका विटेवर आईचं नाव देवनागरीत लिहिलं. एका विटेवर आडनाव मावलं नाही, शेजारच्या विटेवर न्यावं लागलं. बाजूला पोलिश नावं लिहीत असलेल्या बाईंनी खडू परत मागितला.

जिंकल्यावर गोडी कमी झाली का?

काहींची झाली. "आता काय उरलं" म्हणणारे मला भेटले आहेत. २०२१ च्या जुलैअखेर क्लबने दोन दिवसांत रिझो, बाएझ आणि ब्रायंट तिघांनाही वेगवेगळ्या संघांना देऊन टाकलं, तेव्हा तर पुष्कळांनी टोपी काढून ठेवली. मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी सामना लावला. नवीन पोरं होती, नावं माहीत नव्हती, शॉर्टस्टॉपचा हात मात्र छान होता. मी जिंकण्यासाठी बघत असते तर १९८५ मध्येच सुटले असते.

सीझनमध्ये १६२ सामने? एवढे कोण बघतं?

बघत नाही, असतात ते. घरात कुणी म्हातारं माणूस दुसऱ्या खोलीत असतं ना, तसे. मुख्यतः रेडिओ. बेसबॉलइतका रेडिओवर शोभणारा खेळ नाही, कारण मधल्या रिकाम्या वेळात समालोचक गप्पा मारतो. १९९६ पासून आमचा आवाज म्हणजे पॅट ह्यूज. गणवेशाचे रंग, टोपी, मोजे सगळं सांगतो, ऐकणाऱ्याला दिसत नाही याची त्याला जाणीव असते.

त्याच्याबरोबर २०१० पर्यंत रॉन सँटो असायचा. साठच्या दशकातला कब्सचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू, समालोचक म्हणून अगदीच कच्चा, पण त्याचं कण्हणं आणि ओरडणं ऐकूनच मैदानात काय झालं ते कळायचं. सप्टेंबर १९९८ मध्ये मिलवॉकीत शेवटच्या आउटला ब्रँट ब्राउनने हातातला झेल टाकला, तेव्हा सँटोच्या तोंडून निघालेलं "ओह नो!" आमच्या शहरात अजून नकलेसाठी वापरतात.

सँटोला अठराव्या वर्षीच मधुमेहाचं निदान झालं होतं. संघातून काढतील या धास्तीने त्याने ते वर्षानुवर्षं लपवलं आणि १९७१ मध्ये, त्याच्या सन्मानाच्या दिवशी, मैदानावर जाहीर केलं. तो काळ बोट टोचून साखर मोजायच्या यंत्रांच्या आधीचा. आपल्याला कसं वाटतंय यावरून तो अंदाज बांधायचा आणि तसाच बॅटिंगला जायचा. पुढे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, तरी समालोचनाला येत राहिला. आईलाही साखर होती. रात्रीचं इन्सुलिन ती सातव्या इनिंगमध्ये घ्यायची, सँटो ऐकत. "त्याने घेतलं असेल का ग?" असं विचारायची. तो डिसेंबर २०१० मध्ये गेला आणि हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २०१२ मध्ये. ही दिरंगाई मी निवड करणाऱ्यांना माफ केलेली नाही.

फोनवर सगळं असताना स्कोअरकार्ड हाताने का लिहिता?

हात रिकामा असला की मी शेंगा जास्त खाते, हे एक. दुसरं, लिहिलेला सामना लक्षात राहतो.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक जागेला आकडा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग आउटफील्ड डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने उचलला, दुसऱ्याकडे दिला, त्याने पहिल्याकडे: ६-४-३, एका फटक्यात दोन आउट. स्ट्राइकआउट म्हणजे के. बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला तर उलटा के, आणि तो काढताना पेन्सिल जरा जास्त दाबली जाते. २०१६ चा शेवटचा आउट माझ्या वहीत ५-३ असा आहे, पुढे एक रेघ कागद फाटेपर्यंत गेलेली.

मे १९९८ मध्ये वीस वर्षांच्या केरी वुडने ह्यूस्टनचे वीस जण स्ट्राइकआउट केले, अवघा एक हिट दिला. ते पान कुणीही बघावं: बेसबॉलचं ओ की ठो कळत नसलं तरी काहीतरी विलक्षण घडलंय हे कळतं. नुसते के-के-के.

पेन्सिलच घ्या. स्कोअरर हिटची एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) करतात, मागाहून बदलतात.

रिग्ली फील्डला पहिल्यांदाच चाललोय. काय करू?

गाडी नेऊ नका. रेड लाइनने अॅडिसन स्टेशन, उतरलात की मैदान समोर. १९१४ चं बांधकाम, कब्स तिथे १९१६ पासून. भोवती लोकांची घरं आहेत, गच्च्यांवरही प्रेक्षक बसतात.

एप्रिलमध्ये जात असाल तर मिशिगन तलावावरून येणारा वारा हाडं गोठवतो. भिंतीवरची प्रसिद्ध वेलही तेव्हा नुसत्या काड्यांची असते. हिरवीगार बघायची तर जूननंतर जा. १९३७ साली लावलेली ही वेल नियमांतही आहे: चेंडू पानांत अडकला आणि आउटफील्डरने दोन्ही हात वर केले की डबल, पुढे पळायचं नाही. हात घालून शोधायला लागला तर मात्र खेळ चालू. त्याच वर्षीचा धावफलक अजूनही हाताने चालतो. आत माणसं बसून पत्र्याचे आकडे बदलतात. सामना सुरू व्हायच्या आधी झेंड्यांकडे बघून घ्या. झेंडे बाहेर फडकत असतील तर होम रनचा दिवस, आत फडकत असतील तर २-१ असा कमी धावांचा.

तिकीट घेताना खांबाआडची जागा नाही ना, बघा. जुनं मैदान, खांब खरेच आडवे येतात. मजा हवी तर ब्लीचर्स, म्हणजे आउटफील्डमागचे उघडे बाक, खेळ नीट बघायचा तर होम प्लेटच्या मागे वरच्या मजल्यावर.

खाण्याचं: शिकागोचा हॉट डॉग बीफचा असतो, हे आधीच सांगते; पुण्याच्या पाहुण्यांना तिसऱ्या घासाला सांगणं बरं नाही. ज्यांना चालतो त्यांनी मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची फोड घालून खावा. केचप मागू नये, आजूबाजूचे वळून बघतात. शाकाहाऱ्यांना प्रेट्झेल, नाचोज आणि टरफलांसकट भाजलेल्या शेंगा. टरफलं पायाखाली टाकायची, तीच रीत. मी घरून दशम्या नेते. काय चालतं ते जाण्याआधी मैदानाच्या नियमांत वाचून घ्या.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळे उभे राहून १९०८ चं एक गाणं गातात. हॅरी केरी नावाचा समालोचक ते खिडकीतून अर्धं बाहेर झुकून, तद्दन बेसूर म्हणायचा, म्हणून सगळ्यांना धीर आला. तुम्हीही म्हणा. जिंकलो तर धावफलकावर पांढऱ्या झेंड्यावर निळा 'डब्ल्यू' चढतो. तोवर थांबा.

पिच क्लॉकमुळे खेळाची मजा गेली का?

नाही. २०२३ पासून बेस रिकामे असतील तर चेंडू टाकायला पिचरला १५ सेकंद मिळतात, घड्याळ लावून. नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीसवर आली. मी जुन्या वळणाची असूनही मला आवडलं, कारण लहानपणचे सामने असेच वेगाचे होते. बॅटरने प्रत्येक चेंडूनंतर हातमोज्याचे पट्टे पुन्हा पुन्हा आवळत बसणं ही नंतरची खोड. जादा इनिंग सुरू होताना दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करतात, तो नियम मात्र मला पाहवत नाही.

एखादा भारतीय खेळला आहे का?

उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेक करणारे तरुण २००८ च्या एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं. दोघेही खालच्या लीगमध्ये खेळले, मेजर लीगपर्यंत कुणी पोचलं नाही. रिंकू पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. आधी कधीही बेसबॉल न पाहिलेल्या मुलाने तिथवर पोचणं हे लहान काम नाही.

फक्त अमेरिकेत खेळतात, मग 'वर्ल्ड' सिरीज कशी?

हे विचारून झालं की लोक विजयी मुद्रेने बघतात. कॅनडातल्या टोरांटोने १९९२ आणि १९९३ ला ती जिंकली आहे, आणि देशादेशांची स्पर्धा वेगळी असते, ती जपानने तीनदा जिंकली. पुढचा प्रश्न.

अंगावर चेंडू आला तर घरी नेता येतो का?

हो, फाउल असो वा होम रन, तुमचाच. फक्त खेळ चालू असलेल्या मैदानात हात घालू नका. हातमोजा आणला नसेल तर तळहात सुजतो. चेंडू चामड्याचा, १०८ दुहेरी टाके घातलेला, टणक असतो. आता खास रिग्लीचा नियम: प्रतिस्पर्धी संघाचा होम रन पकडलात तर तो मैदानात परत फेकायचा. ब्लीचर्समधली जनता तुम्ही फेकेपर्यंत आरडाओरडा थांबवत नाही. तिथले मुरलेले लोक खिशात एक जुना, मळका चेंडू बाळगतात, तोच फेकतात आणि खरा पिशवीत टाकतात. फेकताना मनापासून फेकल्यासारखं दाखवा, आणि आउटफील्डरच्या डोक्यावर पडणार नाही एवढं बघा.